घरातली माणसे किती

...हिरवे झाकण, त्या बामच्या बाटलीचे, नीट लागलेले नव्हते आणि उठून ते पिळून बसवावे असे शिवलीलाला सारखे वाटत होते. दुधनीतल्या या परक्या घरात, काशम्माच्या देवळीशेजारच्या फळीवर, अरबी अक्षरांची बाटली. अशीच एक सोलापुरात तिच्या फ्रिजवरही होती, नवऱ्याने, सिद्धलिंगने, कुणाच्या तरी हाती पाठवलेली. या मस्कतवाल्यांना आपल्या बायकांची फक्त डोकीच दुखतात असे वाटते की काय, कोण जाणे.

"पुसा की बाई, काय इचारायचं त्ये," काशम्मा म्हणाली.

शिवलीलाने मांडीवरचा टॅब सरळ केला. परदेशी कामाला गेलेली माणसे जिल्ह्यात किती पैसा पाठवतात ते मोजायचे काम. एका घराचा एक फॉर्म आणि फॉर्ममागे दीडशे रुपये. पण आज चित्त थाऱ्यावर होते कुठे? सकाळी सहालाच सिद्धलिंगचा आवाज मोबाइलवर येऊन पडला होता — कंपनी आणखी दोन वर्षांची सही मागते आहे, उद्या सकाळी कागद द्यायचा आहे, करू की नको, तू सांग. तू सांग! चार वर्षांपूर्वी निघताना विचारले होते का? तेव्हा बॅग भरून दारात उभा, आणि आता सगळे माझ्या गळ्यात घालून गडी मोकळा. येऊ नको म्हटले तर मी दगड, ये म्हटले तर घराचे हप्ते कोण भरणार... आणि तरी अकलकोटच्या स्टँडवर गाडी बदलताना, गर्दीत उभ्या उभ्या, तो आवाज तिने पुन्हा पुन्हा कानाशी लावला होता. तो हवा होता तिला. आत्ता, या क्षणी, शेजारी बसलेला, नुसता पेपर वाचत बसलेला का असेना.

घरातली माणसे किती?

काशम्माने बोटांवर मोजली. ती स्वतः, सून महानंदा, नातू आणि बसू. बसू म्हणजे तिचा मुलगा, सहा वर्षे मस्कतला गवंडीकाम करणारा. शिवलीलाने समजावले, सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलेला माणूस घरात धरायचा नसतो, तसा नियमच आहे. म्हातारीला नियम पटेना. रेशनकार्डावर त्याचे नाव होते, दाराबाहेरच्या पाटीवर होते.

"येळवशीला रानात समद्यांसंगं त्याचं बी पान वाडतो की आमी," ती म्हणाली. "मग त्यो घरचा न्हाय व्हय?"

येळ अमावास्येला शिवलीलाच्या सासरीही सगळे रानात जात. सिद्धलिंगचे पान कुणी वाढले होते का, ते तिला आठवेना. उगीच वाद नको म्हणून तिने चार लिहून टाकले. मग महिन्याचे अठरा हजार लिहिले, पाठवणाऱ्याच्या जागी बसूचे नाव घातले, आणि टॅबवर लाल पट्टी आली. घरातील सदस्य आणि पैसे पाठवणारी व्यक्ती एकच असू शकत नाही. एक नोंद काढा.

तिने दोनदा खटपट केली, लाल पट्टी काही हटेना. शेवटी तिने ती काशम्माला वाचून दाखवली. चुलीपुढे महानंदाचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

काशम्माने टॅब आपल्याकडे वळवला. "मग पैसं काड," ती म्हणाली. "पोरगं ऱ्हाऊ दे."

पैसे काढले तर फॉर्मला अर्थच उरत नव्हता, दीडशेही बुडणार होते. पण शिवलीलाला ते सुचलेच नाही... तिच्या डोळ्यांपुढे गेल्या महिन्यातला प्रशिक्षणाचा हॉल उभा राहिला. सरावासाठी प्रत्येकीने आपापल्या घराचा फॉर्म भरायचा होता. सगळ्याजणी अडखळत होत्या आणि हिचा सर्वांत आधी पूर्ण. घरातली माणसे दोन, आपण आणि मुलगी संस्कृती. पैसे पाठवणारा, सिद्धलिंग. एकही लाल पट्टी नाही. सरांनी तो सगळ्यांना दाखवला होता. बोट क्षणभरसुद्धा थांबले नव्हते गं, काय म्हणावे या बोटाला!

आणि कौतुकाने फुगून संध्याकाळी तिने ते सिद्धलिंगला फोनवर सांगितलेही होते, अगदी हसत हसत — तुम्हाला धरलंच नाही, दोनच लिहिली माणसं. तोही हसला होता. "बरोबर आहे की," म्हणाला होता, आणि मग संस्कृतीच्या परीक्षेचे विचारत बसला होता.

"काडलं का?" काशम्माने विचारले.

शिवलीलाने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, तिचे तिलाच कळले नाही. चार वर्षांत त्याने कुठल्याच सहीचे तिला विचारले नव्हते; या वेळी विचारले. सोलापूरच्या घरात आपल्याला अजून धरतात का, एवढेच तो विचारत होता, आणि ते उत्तर तिने त्याला महिन्यापूर्वीच देऊन टाकले होते.