जयंतीची पावडर आणि मी मिक्सी

मित्रांनो, चेन्नईच्या अण्णा नगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या ओट्यावर जी पिवळट पडलेली वस्तू बसली आहे ना, ती मीच. कधीकाळी मी पांढरीशुभ्र होते. हळदीच्या हातांनी मला हा रंग आणला. तिकडे पुण्या-नागपूरकडे मला मिक्सर म्हणतात आणि पुरुष करून टाकतात. इथे मात्र मी मिक्सी! मला हेच बरं वाटतं. ओट्यापाशी उभं राहून ज्यांचे पाय भरून येतात, त्या बायकांच्याच सहवासात माझं सगळं आयुष्य गेलं आहे.

माझा जन्म कोइमतूरकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे तांब्याची बारीक तार गुंडाळून माझी मोटर तयार केली, पोलादाची पाती घासून भांड्यांत बसवली आणि मला खोक्यात घालून टी. नगरातल्या एका दुकानात पाठवलं. तिथल्या गर्दीत जयंतीच्या मामांनी मला उचललं आणि तिच्या लग्नात आहेर म्हणून दिलं. अशी मी नव्या नवरीबरोबर या घरात आले.

हे घर तंजावरकडच्या मराठी माणसांचं. रस्त्यावर, ऑफिसात, शाळेत सगळे तमिळ बोलतात. चप्पल काढून आत आले की मराठी सुरू, तीही जुन्या वळणाची. घरात चार माणसं. जयंती एका इस्पितळाच्या ऑफिसात काम करते. तिचा नवरा विश्वजित बँकेत आहे. मुलगी नंदिता शाळेत जाते. आणि चौथ्या सकवारआत्या, म्हणजे विश्वजितच्या आत्या. त्या तंजावरात शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन इथे आल्या आणि आल्या त्या दिवसापासून हे स्वयंपाकघर त्यांचं झालं.

पहिल्या दिवशी आत्यांनी माझ्याकडे पाहून नाक मुरडलं होतं. "ही भोंगा वाजवणारी चटणी काय वाटणार?" मग मी खोबऱ्याची चटणी वाटून दिली. डोशाचं पीठ दिलं. दह्यातल्या डांगर पचडीसाठी भाजलेली उडदाची डाळ अशी दळली की आत्या बोटांत घेऊन म्हणाल्या, "रवाळ नाही, एक कणही नाही. बरी आहेस गे." त्या दिवशी मला इतका आनंद झाला की विचारू नका! सणाला माझ्याकडून पुरण निघे, पाहुणे बोटं चाटत आणि आत्या माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "ही माझी दुसरी सून."

पण कामाची वर्षं अंगावर येतातच. भांड्याखालचा रबरी चक्र झिजलं. पाती बोथट झाली. सुरू होताना मी आधी कण्हते, मग फिरते. माझ्या बुडाशी एक लाल बटण आहे. फार ओझं झालं की ते टक् करून बाहेर येतं आणि मी बंद पडते. अलीकडे ते वारंवार बाहेर येतं. कुणीतरी मला उलटं करतं, बटण आत दाबतं आणि पुन्हा कामाला लावतं. मला काय होतंय हे कुणी पाहत नाही.

जयंतीचंही तसंच चाललं होतं.

तिला बीपीची गोळी सुरू झाली होती. मेट्रोचा जिना चढताना दम लागायचा. वजन कमी करा, असं डॉक्टर सांगत होतेच. पण तिच्या मनाला लागलं ते वेगळंच. नात्यातल्या एका मुंजीत पंगतीतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "काय गे जयंती, भारी गुंडू झालीस!" गुंडू म्हणजे तमिळमध्ये जाड. सगळे हसले. विश्वजितही हसला. घरी येऊन जयंती पदर खोचून भांडी घासत बसली, तेव्हा नंदिता म्हणाली, "अम्मा, ते पावम गंमत करत होते."

"पावम, बिचारी, मी आहे," जयंती म्हणाली. "मी हसले नाही ना, म्हणून सगळ्यांना वाटलं मी चिडले. मला रडू येत होतं."

पुढच्याच आठवड्यात ओट्यावर पावडरीचे डबे आले. व्हॅनिलाच्या वासाचे. जयंतीच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिला रंजनी मॅडमशी जोडून दिलं होतं. रंजनी मॅडम डॉक्टर नव्हत्या, कोच होत्या. रोज सकाळी जयंती फोन माझ्या अंगाला टेकवून उभा करायची आणि मॅडम त्यातून बोलायच्या, म्हणून मला सगळं पाठ झालं.

"नो राइस, नो डोसा, नो काहीच! सकाळी शेक, दुपारी शेक, रात्री शेक. मग बघा मॅडम, कशा वितळता!"

"मी बीपीची गोळी घेते," जयंतीने एकदा भीत भीत सांगितलं.

"वजन गेलं की गोळी पण जाईल! पॉझिटिव्ह राहा!"

दुपारचा नि रात्रीचा शेक जयंती स्वतः बाटलीत हलवून प्यायची. सकाळी मात्र तिला मेट्रोची घाई असे, म्हणून तो शेक आत्या माझ्या भांड्यात करून ठेवत.

आता आत्यांचं ऐका. त्यांना डाएट हा शब्दच कळत नव्हता. त्यांनी विचारलं, "उपास कोणत्या देवाचा गे?"

"देवाचा नाही आत्या. वजनाचा."

"बरं. उद्यापन कधी?"

"याला उद्यापन नसतं."

"नसतं?" आत्यांचा चेहरा उतरला. "मग संपणार कसा? अय्यो, उद्यापन नसलेला उपास म्हणजे उपासमार!"

नंदिता खो खो हसली. जयंतीलाही हसू आलं. आत्या मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या माहेरी आणि सासरी एक रीत होती. उपास करणाऱ्या सवाष्णीला विचारायचं नाही, कारण विचारलं तर ती नक्कोच म्हणणार. न विचारता तिच्या पोटात फराळाचं काहीतरी जाईल, हे घरातल्या मोठ्या बाईने पाहायचं. नुसतं कोरडं पीठ पाण्यात कालवून सुनेला पाजणं त्यांच्या हाताला जमेना.

म्हणून मित्रांनो, दुसऱ्याच सकाळपासून माझ्या भांड्यात पावडरीबरोबर भिजवलेले बदाम पडू लागले. मग नारळाचं घट्ट दूध. मग चमचाभर तूप. सगळं पांढरं, सगळं व्हॅनिलाच्या वासाखाली झाकलेलं. जयंती नाक चिमटीत धरून एका दमात पिऊन टाकायची आणि म्हणायची, "सकाळचा बरा लागतो हं, दुपारचा घशाखाली उतरत नाही."

"हाताचा गुण असतो," आत्या सिंककडे तोंड करून म्हणायच्या.

वजन कमी होत होतं, पण मॅडमना हवं तसं नाही. फोनमधून आवाज आला, "मॅडम, तुमची बॉडी हट्टी दिसते. रात्रीचा शेक बंद करा. गरम पाणी प्या."

जयंतीने रात्रीचा शेक बंद केला. तिचे गाल बसले. आंघोळीनंतर केसांचे पुंजके हातात यायचे, ते ती कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकायची. ओट्याला धरून उभी राहायची. ते पाहून आत्यांनी सकाळच्या भांड्यात काजू वाढवले. काट्यावर वजन अडलं. मॅडम म्हणाल्या, दुपारचाही अर्धाच घ्या. जयंतीने अर्धा केला. आत्यांनी तूप वाढवलं. एक बाई भीतीने काढून घेत होती, दुसरी भीतीने भरत होती. दोघींच्या मधे मी घरघरत होते. खरं सांगते, डोशाच्या पिठाने कधी दमले नाही इतकी त्या दिवसांत दमले.

घरही दमलं होतं. जयंती जेवत नाही म्हणून पंगत नाही. विश्वजित टीव्हीपुढे ताट घेऊन बसायचा. नंदिता फोन बघत खायची. चटणी वाटणं जवळजवळ थांबलं. माझी मोठी भांडी फळीवर पालथी पडली.

एकदा विश्वजित स्वयंपाकघरात आला. जयंती जुन्या ब्लाऊजची शिवण उसवून आत घेत होती. तो म्हणाला, "पुरे आता. बारीक झालीस की."

"तुम्ही हसलात त्या दिवशी."

"कोणत्या दिवशी?"

त्याला आठवतही नव्हतं. जयंती सुई चालवत राहिली.

मग ती सकाळ आली. आदल्या संध्याकाळी जयंती ऑफिसातून भिंत धरत धरत घरात आली होती. ते पाहून आत्यांनी ठरवलं की आज खजूर घालायचा. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तशाच घाईने त्यांनी बिया काढल्या. एक बी राहिली. वर बदाम, काजू, सुकं खोबरं, पावडर. पाणी जेमतेम. झाकण दाबून त्यांनी मला सुरू केलं.

बी पात्याखाली अडकली. मी जोर लावला. तार तापली. लाल बटण बाहेर यायला हवं होतं, पण ते दाबून दाबून ढिलं झालं होतं. ते आलंच नाही. माझ्या पोटातून धूर निघाला. जळक्या वासाने जयंती साडीच्या पिना हातात धरूनच धावत आली, बटण बंद केलं, झाकण उघडलं आणि आत पाहतच राहिली.

"आत्या, हे काय आहे?"

आत्यांनी पदराला हात पुसले.

"बदाम? खजूर? आत्या, हे रोज घालता?"

"थोडं घालते गे. शक्तीला."

"थोडं?" जयंतीचा आवाज फुटला. "मी रात्री उपाशी झोपते! पोट आवळून झोपते मी! मॅडम म्हणतात माझी बॉडी हट्टी. मला वाटायचं, मीच कुठेतरी चुकतेय. आणि तुम्ही मला बदाम पाजताय? मला एकदा सांगता आलं नाही?"

"तू रात्री जेवत नव्हतीस?" आत्यांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "तो शेकसुद्धा?"

"बंद केला."

"आणि मला कोण सांगणार? मी समजत होते, तीनदा पितेस. मी म्हणत होते, तीनदा पिऊन ही अशी का सुकते? तू मला सांगितलंस का?"

जयंतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिने मला धरण्यासाठी हात पुढे केला, पण हात पोचला नाही. ती ओट्याच्या कडेने खाली घसरली आणि फरशीवर पडली.

आत्या ओरडल्या, "विश्वा! नंदिता! या रे!" त्या गुडघे दुखत असूनही खाली बसल्या आणि जयंतीच्या चेहऱ्यावर पदराने वारा घालू लागल्या. नंदिता रडत रडत शेजाऱ्यांना हाका मारत होती. विश्वजितने जयंतीला उचललं. ती जागी होती, पण पायांत जीव नव्हता. सगळे गेले. मी ओट्यावर जळका वास सोडत एकटीच बसून होते. दार सताड उघडं होतं.

दुपार कलल्यावर ते परतले. जयंती चालत आली, हे पाहून मला किती बरं वाटलं सांगू! ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. आत्या इस्पितळात बाहेरच बसून होत्या, म्हणून विश्वजित त्यांना सांगत होता, "डॉक्टरबाई फार रागावल्या. म्हणाल्या, इतकं कमी खाऊन वजन उतरवायचे उपचार असतात, पण ते डॉक्टरच्या नजरेखाली, रक्त तपासत. गोळी जुनीच आणि जेवण नाहीसं, मग बीपी खाली जाणारच. फोनवरच्या बाईचं ऐकून असं करायचं नाही."

"आणि मला काय म्हणाल्या?" आत्यांनी विचारलं.

"तुम्हालाही बोलल्या."

"बोलू दे. बोलल्याच पाहिजेत."

जयंती हळूच म्हणाली, "आत्या, वजन मला कमी करायचंच आहे. हौस म्हणून नाही. मला जिना चढायचा आहे."

"सरी, ठीक आहे," आत्या म्हणाल्या. "चढ. पण मला सांगून चढ."

विश्वजित तिथेच उभा होता. तो जयंतीकडे न बघता म्हणाला, "मुंजीतलं आठवलं मला. रिक्षात बसल्यावर आठवलं. मी हसायला नको होतं." जयंतीने पाय जरा बाजूला घेतले आणि तो तिच्याजवळ फरशीवर बसला.

मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. माझी तार नव्याने गुंडाळली, लाल बटण बदललं, पात्यांना धार लावली. मी आता नवी झाले नाही. जास्त वेळ फिरवलं तर अजून तापते, थांबवून थांबवून चालवावं लागतं. घरातले तसं चालवतात.

जयंती आता आहारतज्ज्ञाकडे जाते. एका वेळेला पावडर, बाकी वेळेला मोजका भात, डाळ, भाजी, ताक. वजन हळूहळू उतरतं, कधी उतरतही नाही. तिचा चेहरा अजून थकलेला असतो आणि काही संध्याकाळी ती काट्यावरून उतरून गप्प बसते. पण काल सकाळी मी स्वतः पाहिलं. आत्यांनी माझं भांडं धुतलं, पावडर घातली, पाणी घातलं. बदामाची बरणी त्यांच्या हाताशीच होती. त्यांनी ती उचलली, क्षणभर धरली आणि मग दाराकडे वळून हाक मारली, "जयंती, दोन घालू?"

"एक घाला," आतून उत्तर आलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी ताट बाजूला सारत असेल, किंवा आरशापुढे उभं राहून स्वतःवर रागावत असेल. त्याला जाड म्हणून हसू नका. त्याच्या पेल्यात गुपचूप काही मिसळूही नका. स्टूल ओढून जवळ बसा आणि विचारा. कुणी विचारलं तर खरं सांगा. माझं बटण त्यानंतर दाबलंत तरी चालेल. मी थांबते तोवर.