शनिवारचं हेलिकॉप्टर

"हलू नका काका, टोचेल हं," असं म्हणत मॅरेडने इथेलच्या काळ्या कोटाला लाल फितीचा बिल्ला लावला. कोट रविवारच्या प्रार्थनेचा, चॅपलला जातानाचा. त्याच्यावर आजवर बिल्ला कधी लागला नव्हता.

"काय लिहिलंय यावर?"

"संस्थापक."

"मी एकटाच? मग गोरोन्वी पंपवाला आणि ती बाकीची मंडळी काय चहा प्यायला यायची?"

"ती आता राहिली नाहीत ना काका. तुम्ही आहात."

"म्हणजे मरायचा राहिलो, एवढंच माझं कर्तृत्व."

मॅरेड हसली. ती हवाई रुग्णवाहिकेच्या शहरातल्या कचेरीत नोकरीला होती, पण पोर मूळची आमच्याच खोऱ्यातली. त्यामुळे तिला इथेलचं सगळं ऐकून माहीत होतं.

"दोनच मिनिटं बोला. आणि शेवटी ते... आजी सांगायची, तुम्ही बोलता बोलता सुरात शिरायचात आणि अख्खं चॅपल डोळे पुसायचं. तेवढं थोडंसं कराल?"

"ते आता येत नाही मला."

"असं कसं? दर रविवारी स्तोत्रं तर तुम्हीच उचलता, पहिला सूर तुमचाच."

"स्तोत्र उचलणं वेगळं, पोरी. ते दुसऱ्याने लिहिलेलं असतं."

हे बोलताना त्याची नजर मॅरेडच्या खांद्यावरून पलीकडे गेली. हेलिकॉप्टरच्या नव्या तळाचं आज उद्घाटन होतं, आणि तिथल्या भल्यामोठ्या हँगरमध्ये एका बाजूला लांब टेबलं मांडली होती. तिथे तेगवेन किटली घेऊन उभी होती. तव्यावरच्या केकची ताटं, कपांच्या रांगा, आणि तिची ती ताठ पाठ. इथेल आज एक गोष्ट ठरवून आला होता. इतकी वर्षं जे तिच्यापाशी बोलता आलं नाही, ते आज सगळ्यांसमोर, ती ऐकत असताना बोलायचं. मग तिने किटली ठेवून निघून जायचं म्हटलं, तर तेही पाहायचं.

इथेल जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त करत आला. बोटांतलं काळं तेल रविवारीसुद्धा पुरतं जात नसे. पण देवाने त्याला गळा दिला होता, आणि गळ्याहून मोठं असं आणखी काही दिलं होतं. आमचे पाद्री आजारी पडले की हेब्रॉन चॅपलच्या व्यासपीठावर तो उभा राहायचा. सुरुवात अगदी साधी, नटबोल्टची भाषा. मग हळूहळू शब्द लांबायचे, वाक्याच्या शेवटाला सूर चिकटायचा, तो सूर पुढच्या वाक्याला उचलून घ्यायचा, आणि मग बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळायचं नाही. शिडात वारा भरला, असं आम्ही म्हणतो. ज्याने ते ऐकलं त्याला मी काय सांगू, आणि ज्याने नाही ऐकलं त्याला तरी कसं सांगू? देव बाकांच्या मधल्या वाटेने चालत आल्यासारखं वाटायचं.

हेलिकॉप्टर उभं राहिलं ते त्याच आवाजावर. आमच्यापासून मोठं इस्पितळ डोंगरांच्या पलीकडे. रस्ता मेंढीच्या आतड्यासारखा वळणावळणाचा. बाळंतपणात अडलेली बाई, करवतीत हात गेलेला लाकूडतोड्या, सगळे त्याच रस्त्याने जायचे आणि पुष्कळदा अर्ध्यातच संपायचे. तेव्हा चॅपलच्या मागच्या खोलीत दहाबारा जण जमले आणि हवाई रुग्णवाहिका आणायची असं ठरलं. लोक हसले. इथेल आपलं पुरुषांचं गायनमंडळ घेऊन गावोगाव फिरला. गाणं झालं की पाच मिनिटं बोलायचा, आणि माणसं पाकिटं उघडायची. शेतकऱ्यांनी दर वसंतात एकेका कोकराच्या पाठीवर लाल ठिपका द्यायला सुरुवात केली. ते हेलिकॉप्टरचं कोकरू. बाजारात त्याची बोली लागली की शेजारी मुद्दाम चढवत न्यायचे. अशा रीतीने भाड्याचं एक जुनं पिवळं हेलिकॉप्टर आलं. पण ते फक्त सोमवार ते शुक्रवार उडायचं. शनिवार-रविवार त्याला झाकून ठेवायचे, कारण तेवढी ऐपत नव्हती.

"माणसं काय सोमवारीच पडतात का रे डोंगरावरून?" तेगवेन समितीत विचारायची. ती शाळेत स्वयंपाकीण होती, लवकर विधवा झालेली, तोंडाची फटकळ. इथेलच्याच वर्गातली. तिनेच पुढे तो ठराव आणला. दर आठवड्याला एक पौंडाची सोडत काढायची. घरोघर सभासद करायचे, कुणाला तरी बक्षीस लागेल, बाकीचं सगळं हेलिकॉप्टरला. आलेल्या पैशातून आधी शनिवार-रविवार सुरू करायचे.

आम्ही चॅपलची माणसं. आमच्या आईबापांनी घरात पत्त्याचं पान येऊ दिलं नव्हतं. तरी त्या संध्याकाळी खोलीतला कल सोडतीकडेच होता, काळ बदलला होता. मग इथेल उठला.

"तेगवेन, तुझं मन चांगलं आहे," तो म्हणाला. "पण हा जुगार आहे."

"आणि तुझ्या कोकराची बोली काय आहे मग? पूजा?"

सगळे हसले. इथेलही हसला. मग तो बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याचे डोळे मिटले. त्याने क्रूस उभा केला आमच्यासमोर. वर माणूस मरतो आहे, आणि खाली सैनिक त्याच्या कपड्यासाठी चिठ्ठ्या टाकताहेत. वर जीव जातो आहे, खाली चिठ्ठ्या पडताहेत. एवढंच तो पुन्हा पुन्हा, चढत्या सुरात म्हणत राहिला. वर जीव जातो आहे, खाली चिठ्ठ्या पडताहेत. खोलीतले दिवे, चहाचे कप, काही उरलं नाही. गोरोन्वी पंपवाला टोपीत तोंड घालून हुंदके देत होता. अध्यक्षांनी जेमतेम मतं विचारली. विरोधात हात वर गेले, ठराव पडला. इथेल अजून तसाच डोळे मिटून उभा होता. इतकं सुंदर तो त्याच्या आधी कधी बोलला नव्हता.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात, डोंगरावरून मेंढरं खाली आणायच्या दिवसांत, तेगवेनचा एकुलता मुलगा मॅडोग चारचाकी मोटारसायकलीसकट घळीत गेला. गाडी छातीवर पालथी. शनिवार होता. ओल्या नेच्यात त्याच्या शेजारी माणसं बसून राहिली, आणि रस्त्याने रुग्णवाहिका यायची तेव्हा आली. हेलिकॉप्टर असतं तर तो वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. वाचला नसता, असंही म्हणाले नाहीत.

मॅडोग इथेलच्या गायनमंडळात होता. दफनाच्या वेळी स्तोत्र इथेलनेच उचललं, कारण दुसरं कुणी उचलणार नव्हतं. तेगवेनने त्याच्याकडे पाहिलं नाही.

वसंतात सोडतीचा ठराव पुन्हा आला. कुणी चर्चा केली नाही. पहिला हात इथेलचा होता.

मग मात्र काम असं वाढलं की आमचं आम्हालाच खरं वाटेना. शनिवार आले, रविवार आले. भाड्याचं जाऊन स्वतःचं लाल हेलिकॉप्टर आलं, मग दुसरं. डॉक्टर बरोबर उडायला लागले, रक्ताच्या पिशव्या न्यायला लागले, मग अंधारातही उतरायला शिकले. तीन खोऱ्यांच्या समित्या एकत्र होऊन संस्था झाली, गावागावात तिची जुन्या कपड्यांची दुकानं निघाली. आणि आमच्या खोऱ्यातले सोडतीचे सभासद केले कुणी? तेगवेनने. पावसात, चिखलात, कुत्र्यांच्या भुंकण्यातून ती प्रत्येक दारी गेली. फक्त एका दारी गेली नाही. इथेलने शेवटी आपला अर्ज टपालाने धाडला.

त्याच्या लेखी तेगवेनने आपला निवाडा दिला होता. तो स्तोत्रं उचलत राहिला, पण व्यासपीठावर बोलला तर सपाट बोलायचा, वेळापत्रक वाचल्यासारखा. नव्या लोकांना तेही आवडायचं. आम्ही जुने मात्र बाकावर बसून वाट पाहायचो, आता वारा भरेल, आता भरेल. नाही भरला.

"आणि आता," मॅरेडचा आवाज हँगरभर घुमला, "ज्यांच्यामुळे हे सगळं सुरू झालं, ते आपले इथेलकाका!"

टाळ्या पडल्या. इथेल पुढे गेला. समोर खुर्च्या, लाल कपड्यांतले वैमानिक आणि डॉक्टर, मागे उघड्या दारातून दिसणारं हेलिकॉप्टर. त्याने बिल्ल्याला हात लावला.

"हा बिल्ला चुकीच्या माणसाला लावलाय," तो म्हणाला. लोक हसले. "हसू नका. मी हे काम सुरू केलं असेल. पण मीच ते एकदा अडवलंही. ज्या बाईने शनिवारचं हेलिकॉप्टर मागितलं होतं, तिला मी..."

तेवढ्यात भिंतीवरचा भोंगा वाजला. पुढच्या रांगेतले तिघे कप खाली ठेवून धावत सुटले. पाती फिरू लागली. लोकांना असं जवळून कधी पाहायला मिळतं! पोरांना कडेवर घेऊन सगळे दाराबाहेर कडेकडेने गर्दी करून उभे राहिले. "मागे राहा, मागे!" मॅरेड ओरडत त्यांच्यामागे धावली. वाऱ्याचा लोट आत आला तसा कागदी बशा उडाल्या, टेबलावरचा लांब पांढरा कपडा एका अंगाने वर उचलला गेला, कप कलंडले.

तेगवेन एकटीच तो कपडा धरायला धडपडत होती. इथेलने येऊन दुसरं टोक दाबलं. आवाज डोंगराकडे विरत जाईपर्यंत दोघंही तशीच दाबून उभी राहिली.

"पुरं करू का वाक्य?" इथेल म्हणाला.

"नको."

"तेगवेन, मला सांगू दे. त्या संध्याकाळी मी गप्प बसलो असतो तर..."

"ठराव पास झाला असता. ठाऊक आहे मला. मीच मोजून आले होते ना, कोण कुणाच्या बाजूचं ते." तिने एक कप सरळ केला. "तू डोळे उघडे ठेवायला हवे होतेस, इथेल."

"म्हणजे?"

"हात वर केले तेव्हा. मीही केला होता."

इथेलला समजलं नाही. "सोडतीच्या बाजूने?"

"विरोधात. माझ्याच ठरावाच्या विरोधात." ती सांडलेला चहा फडक्याने टिपत राहिली. "तुझं ऐकता ऐकता रडू फुटलं मला. वाटलं, मी त्या सैनिकांतलीच एक. हात आपोआप वर गेला बघ. खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं. तूच तेवढा स्वर्गात होतास."

"मला कुणी सांगितलं नाही."

"कोण सांगणार? त्यांनीही केलेच होते की वर."

"मग माझ्या दारी..."

"काय तोंड घेऊन येऊ? तू दार उघडणार, आणि म्हणणार, माफ कर तेगवेन. आणि मग मला सांगावं लागणार." ती थांबली. "तुझ्यावर ढकलून ठेवलेलं बरं होतं. लोक तसंच समजत होते. मीही कधीकधी समजायची."

बाहेर पोरं आभाळाकडे बोट दाखवत होती. इथेलने एक कलंडलेला कप उचलून सरळ ठेवला.

"तो पुन्हा तसा बोलला असता ना कधी," ती अगदी हळू म्हणाली, "तर मी ऐकायला आले असते. मागच्या बाकावर. दर रविवारी वाट पाहिली मी, कुणीतरी येऊन सांगेल म्हणून." आपण 'तू' न म्हणता 'तो' म्हणालो हे तिच्या ध्यानातही आलं नसावं.

मग ती कामाच्या आवाजात म्हणाली, "धर तिकडचं टोक. हा चिंब झालाय, घडी करायला हवी."

त्यांनी ताटं बाजूला केली आणि तो लांब कपडा उचलला. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. दोघांनी तो ताणला, मधोमध दुमडला, आणि टोकं जुळवायला दोघं एकमेकांकडे चालत आली. त्याच्या बाजूच्या कडा तिरप्या पडल्या. तेगवेनने ते पाहिलं. तिने कपडा झटकला, पुन्हा सगळा उलगडला, आणि दोघं मागे सरत सरत आपापल्या टोकाला जाऊन उभी राहिली.