फ्रीजवरचा तांबडा ठिपका

प्लासिडने भर दुपारी दिवाणखान्याच्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि दाराखालून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीवर पायपुसणं सरकवलं. चोराला लागते तेवढी रात्र झाली.

कोचावर सॅन्टनमास्तर बसले होते. ते शेजारी. सांडोर गावातल्या त्या आळीत शस्त्रांबद्दल बोलायचा अधिकार त्यांच्याकडे होता, कारण शाळेत ते एन.सी.सी. बघायचे आणि तरुणपणी एका शिबिरात त्यांनी खरी रायफल चालवली होती. त्या दिवशीचं लक्ष्य त्यांच्या सांगण्यात दरवर्षी थोडं थोडं लांब जात होतं.

प्लासिडचं रिव्हॉल्व्हर वडिलांकडून आलेलं. वडील केळ्यांचे व्यापारी, रोकड घेऊन मुंबईहून परतायचे. प्लासिडने उभा जन्म विमा कचेरीत काढला, पण परवाना मात्र नियमाने आपल्या नावावर करून घेतला. तेव्हापासून ते हत्यार घराबाहेर पडलं ते फक्त निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा व्हायला. लोकशाहीत प्लासिडइतका नेमाने भाग घेणारा माणूस आळीत दुसरा नव्हता.

मग गेल्या महिन्यात वीज गेलेली असताना आळीतली दोन घरं फुटली. लोक प्लासिडकडे बघू लागले. काळोखात नेम कसा धरणार, असं मास्तरांनी चारचौघांत विचारलं, आणि बंदुकांच्या दुकानात कामाला असलेला त्यांचा भाचा मर्विन आज नमुने घेऊन हजर झाला.

मर्विनने सगळं समजावून सांगितलं. एक प्रकार असा, की नळीच्या टोकावर एक आणि मागे दोन असे बारीक हिरवे ठिपके बसवायचे. ते काळोखात आपोआप चमकतात, तिन्ही एका ओळीत आले की नेम लागला, आणि ते फक्त हत्यार धरणाऱ्यालाच दिसतात. दुसरा लेझर. नळीखाली बसवायचा, बटण दाबायचं, की चोराच्या छातीवर तांबडा ठिपका.

"लेझरच," मास्तर म्हणाले. "छातीवर तांबडं बघून अर्धे चोर तिथेच संपतात."

प्लासिडला हिरवे ठिपके हवे होते. लेझरचा सेल ऐन वेळी उतरतो, मध्ये धूर आला तर काय, चोराला आपण कुठे उभे आहोत ते आयतं कळतं, असं त्याने एकेक काढून पाहिलं. खरं कारण त्यात नव्हतं. खरं कारण त्याच्या उजव्या हातात होतं. ईस्टरच्या आसपास तो हात कापायला लागला होता. कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला, ॲनीलाही नाही. गावातल्या डॉक्टरला दाखवावं, तर त्याची बायको चर्चच्या क्वायरमध्ये गायची, आणि तिचा आवाज फार लांब जायचा. हल्ली चर्चमध्ये मिस्साला बायबलचं वाचन करायची पाळी आली की प्लासिड पुढचं स्टँड दोन्ही हातांनी गच्च धरायचा. किती तळमळीने वाचतो, असं लोक म्हणायचे.

"लावून बघायला काय जातंय, अंकल?" म्हणत मर्विनने गोळ्या काढून बशीत ठेवल्या, लेझर बसवला आणि रिव्हॉल्व्हर प्लासिडच्या हातात दिलं.

आता नेम कशावर धरायचा? एका भिंतीवर येशूचं पवित्र हृदय होतं, दुसरीवर वेलांकणी माता, तिसरीवर हार घातलेले वडील. उरला फ्रीज.

प्लासिडने हात वर केला. बटण दाबलं. पांढऱ्या दारावर तांबडा ठिपका उमटला आणि जाळ्यातल्या कोळंबीसारखा उडू लागला. हँडलवरून कोपऱ्यात, कोपऱ्यातून पुन्हा हँडलवर.

"स्क्रू ढिला आहे," मास्तरांनी निदान केलं.

मर्विनने स्क्रू आवळला, स्वतः धरून पाहिलं. ठिपका फ्रीजवर खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला. त्याने हत्यार परत दिलं. ठिपका पुन्हा उडू लागला.

मर्विन बघत राहिला. मग बघायचं थांबला आणि पिशवीत काहीतरी शोधू लागला. प्लासिडला बटण सोडायचं होतं, पण बोट ऐकत नव्हतं.

"फ्रीज हलतोय," मास्तर हळूच म्हणाले. "जुना झाला की हलतात."

दुपारची वीज गेली होती, फ्रीज बंद होता. त्याचा आवाज येत नाही, हे तिघांनाही ऐकू येत होतं.

ॲनी कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नाही. हातात चहाचा ट्रे होता आणि नजर फ्रीजवर. मग तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि जाऊन खिडकी सताड उघडली. उन्हात ठिपका पुसून गेला.

"मर्विन, ते तांबडं काढ," ती म्हणाली. "हिरवे बसव. ज्याचे त्याला दिसले की पुरे."

"अगं पण ॲनी, चोराला धाक नको?" मास्तरांनी विचारलं, पण त्यांच्या आवाजात मघाचा जोर नव्हता.

"धाकाला मी आहे घरात."

मास्तर मोठ्याने हसले, गरजेपेक्षा जरा जास्तच. मर्विनने लेझर सोडवला. प्लासिडने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि हात खिशात घातला.

ॲनीने कप वाटले. मास्तरांचा काठोकाठ. मर्विनचाही. तिसरा तिने प्लासिडसमोर ठेवला, तो अर्धा होता.

चहा संपला म्हणावं, तर किटलीतून अजून वाफ येत होती. प्लासिड कपाकडे बघत राहिला. काल संध्याकाळचा चहा आठवला. परवाचा आठवला. पाहुणे आले होते त्या रविवारचाही. काठोकाठ भरलेला कप आपल्यापुढे शेवटचा कधी आला होता, ते काही त्याला आठवेना.

त्याने खिशातून उजवा हात काढला आणि सगळ्यांच्या देखत कप उचलला. कप हलला. बशीत थेंबही पडला नाही.

"झाला की सांग," ॲनी मास्तरांपुढे खारी ठेवता ठेवता त्याला म्हणाली. "बाकीचा किटलीत आहे."