निळ्या पुस्तिकेचं सतरावं पान

मी एक जुनं भिंग आहे. पितळी कडं, लाकडी मूठ आणि काचेच्या कडेला एक टवका उडालेला. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी संतापलेलो आहे.

एका कारागिराने घासून घासून माझ्या पोटाला बाक आणला आणि मी एका छापखान्यात, आजोबांच्या हाती आलो. तेव्हा ते आजोबा नव्हते, काळ्याभोर मिशांचे मुद्रितशोधक होते. छापायला जाणारा प्रत्येक कागद ते आधी तपासत. पस्तीस वर्षं आम्ही दोघांनी चुका पकडल्या. "यांच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," असं मालक म्हणाले की मी उगाच फुगत असे.

त्या कामाचा एक नियम होता. मजकुरात रमायचं नाही. गोष्टीत जीव गुंतला की चूक निसटलीच म्हणून समजा. त्यामुळे आजोबा अक्षरं वाचत, अर्थ वाचत नसत. कादंबरीतला नायक मेला तरी त्यांना पत्ता नसे. सगळे त्यांना चिडवत आणि तेही हसत.

पुढे ते निवृत्त झाले आणि मी खणात पडलो, गंजक्या किल्ल्यांच्या शेजारी. नऊ वर्षं मला कोणी विचारलं नाही. मग आजीचे गुडघे गेले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर आजीची धाकटी बहीण राहते. ती खालून ओरडायची, "अगं ताई, ये की खाली!" आजी गॅलरीतून म्हणायची, "गुडघे बदलले की आलेच!" डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते. म्हणून आरोग्यविमा काढायचं ठरलं आणि मी खणातून बाहेर आलो.

एजंटाने दोन पुस्तिका आणल्या. निळ्या योजनेचा हप्ता कमी, रुग्णालयं ढीगभर, आणि पहिल्या पानावर दात दाखवत हसणारे म्हातारा-म्हातारी. हिरवीचा हप्ता जवळजवळ दुप्पट, रुग्णालयं मोजकी, शिवाय आधी तपासण्या करा.

"गुडघ्यांचं ऑपरेशन कशात आहे?" आजोबांनी विचारलं.

"दोन्हीत आहे, काका. मग जास्तीचे पैसे कशाला घालवता?"

मुलीने फोनवर बजावलं, "बाबा, दोन्ही नीट वाचा हं. बारीक अक्षरंसुद्धा."

"अगं, जन्मभर दुसरं काय केलं मी?"

चार दिवस आम्ही वाचलं. हातात लाल पेन्सिल, डोळ्यांसमोर मी. जुने दिवस परत आले म्हणून मी खुशीत होतो. मूर्ख मी! निळीत सव्वीस चुका निघाल्या, हिरवीत एक्केचाळीस. आजोबांनी निकाल दिला, "हिरवीवाले निष्काळजी आहेत. ज्यांना स्वतःचा कागद धड छापता येत नाही, ते आपली काय काळजी घेणार?" आजी म्हणाली, "तुम्हाला त्यातलं कळतं." दोघांनी निळीवर सह्या केल्या.

सात महिन्यांनी ऑपरेशनची तारीख ठरली आणि कंपनीचं पत्र आलं. नामंजूर. मुलगी धावत आली, तिने निळी पुस्तिका उघडली. सतराव्या पानावर लिहिलं होतं की सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च पहिली चार वर्षं मिळणार नाही. हिरवीत ही अट एकाच वर्षाची होती, म्हणजे आणखी पाच महिने थांबून भागलं असतं. आणि मित्रांनो, निळीतल्या त्याच ओळीत दोन शब्द चिकटून छापले गेले होते. ते सुटे करा, अशी आजोबांच्या लाल पेन्सिलीची खूण तिथे होती.

ती ओळ माझ्या काचेखालून गेली होती. बोराएवढी दिसली होती. माझा स्वतःवर राग आहेच. पण ज्या अटीमुळे एका बाईचं चालणं अडतं ती अट मुंगीच्या पावलाएवढी छापायची आणि हसरे दात मात्र पानभर, ही कुठली रीत?

आजोबा दिवसभर जेवले नाहीत. "माझी चूक," एवढंच पुटपुटत राहिले.

"तुमची कशी? तुम्ही त्याला सरळ विचारलं होतंत," आजी कडाडली आणि तिने एजंटाला फोन लावला.

तो म्हणाला, "काकू, जरा खाली येता का? गाडी लावायला जागा नाहीये."

"खाली उतरता आलं असतं तर तुला फोन कशाला केला असता?"

आला बापडा धापा टाकत. आजीने मला त्याच्या हातात कोंबलं. "सतरावं पान. मोठ्याने वाच." त्याने वाचलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे... चार वर्षं थांबायचं, काकू."

"तोवर मी अठ्ठ्याहत्तरची होईन. हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"गुडघे आहेत का, एवढंच काकांनी विचारलं. कधीपासून, ते नाही विचारलं."

त्याच्या घामेजल्या मुठीत मी होतो. मला हात असते तर काय केलं असतं, ते न बोललेलंच बरं.

मित्रांनो, मला पुसून चकचकीत ठेवा असं मी म्हणणार नाही. मी फक्त अक्षर मोठं करतो. पण तुम्हाला दर वाक्याला 'म्हणजे काय?' विचारायची खोड आहे ना? त्यापायी मोठ्यांची बोलणीही खाता. ती खोड सोडू नका. घरातलं म्हातारं माणूस अशा कागदावर सही करायला बसलं की शेजारी जाऊन बसा आणि विचारत राहा. मोठी माणसं विचारायला लाजतात. आणि कोणी तरी त्या लाजण्यावरच पोट भरतं.