पाण्यात आधी बघा

मित्रांनो, नेरे गावाच्या अलीकडे आमची वस्ती आहे. तिथल्या समाजमंदिराच्या गच्चीवर, लोखंडी खांबाला तारेने बांधलेला, रंग उडालेला एक भोंगा तुम्हाला दिसेल. तो मी.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. फिरत्या साच्यावर पत्रा दाबून माझं तोंड घडवलं आणि मागे चुंबक बसवलं. मी वस्तीत आलो तेव्हा चहूकडे भाताची खाचरं होती. सकाळी माझ्यातून बुद्धवंदना व्हायची, मग रेशनची, पोलिओच्या डोसाची, नळाला पाणी येण्याची सूचना. एकदा जनार्दनची म्हैस चुकली होती. मी ओरडलो आणि तासाभरात ती पलीकडच्या गावातून परत आली. तेव्हा लोक माझ्याकडे मान वर करून कौतुकाने बघायचे.

पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाइल आले आणि सगळ्या सूचना वस्तीच्या ग्रुपवर पडू लागल्या. खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. माझ्या तोंडात कबुतरांनी घरटं केलं. माझा माईक खालच्या खोलीत टेबलावर असे आणि त्याची काळजी पंचायतीचा शिपाई भिवाजी घेई. त्यालाही माझी आठवण जयंतीलाच यायची. मला वाईट वाटायचं. पण ज्या दिवशी मला पुन्हा काम मिळालं, त्या दिवशी मुका राहिलो असतो तर बरं, असं वाटलं.

वस्तीतल्या अंगणवाडीत नम्रता मदतनीस होती. दहा वर्षांपूर्वी ती अभयशी लग्न करून इथे आली. ती बार्शीकडची, एवढंच लोकांना माहीत होतं. अभय हिंजवडीत एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. मुलगी ज्ञानदा चौथीत आणि मुलगा साहिल पहिलीत. नम्रता पोरांना जीव लावणारी बाई. अंगणवाडीतली रिकामी बादलीसुद्धा ती पालथी घालून ठेवायची. बायका हसायच्या. ती पुढची बादली पालथी घालायची.

तो फेब्रुवारीतला शनिवार होता. शाळा सकाळची. साडेअकराला सुटली, पण ज्ञानदा आणि साहिल घरी आले नाहीत. एक वाजता नम्रता शाळेत जाऊन आली. दोन वाजता ती गल्लोगल्ली हाका मारत फिरत होती. भिवाजीने माझ्यावरची धूळ झटकली आणि मी ओरडलो, "ज्ञानदा अन् साहिल, अभय यांची मुलं, दुपारपासनं घरी आली न्हाईत. कुणाला दिसली तर समाजमंदिरात आणावी." माणसं पटापट बाहेर पडली. कुणी ओढ्याकडे गेलं, कुणी रस्त्याला. अभयला फोन गेला. तो निघाला आणि हिंजवडीच्या वाहतुकीत अडकला.

चार वाजता रेश्मा धावत आली. रेश्मा नम्रताची शेजारीण. तिच्या हातात मोबाइल होता.

"भिवाजीदादा, हे बगा. माझ्या मावसबहिणीनं बार्शीवरनं पाठवलंय. अंगणवाडीच्या कार्यक्रमाचा फोटो मी टाकला व्हता, त्यात तिनं हिला वळखलं."

वर्तमानपत्राचं जुनं कात्रण होतं. 'पोटच्या मुलाला बुडवले; आईला अटक'. खाली विशीतल्या नम्रताचा फोटो.

पाच मिनिटांत ते कात्रण वस्तीच्या प्रत्येक मोबाइलवर पोचलं. शोधायला गेलेली माणसं अर्ध्या वाटेवरून परत फिरली. आता मुलांना शोधायचं कुणाला सुचेना. सगळ्यांना नम्रताच्या तोंडून ऐकायचं होतं. दोन पोलीस आले, त्यांनी तिला समाजमंदिरात खुर्चीवर बसवलं.

"मुलं कुठं आहेत?"

"मला माहीत असतं तर मी हितं बसले असते का?"

"मागच्या वेळी पण असंच म्हणाला होतात का?"

नम्रताने मान खाली घातली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "हिच्याकडं आमी आमची पोरं ठेवतो रोज!"

भिवाजी वाईट माणूस नव्हता. पण गर्दी तापली की त्याचाही तोल जाई. कुणी न सांगता त्याने माईक उचलला आणि मित्रांनो, माझ्या तोंडून हे शब्द गेले: "सूचना ऐका. पोरं कुणाला सापडली तर नम्रताबाईच्या हातात देऊ नका. तिच्यापासनं लांब ठेवा."

मला थांबता आलं नाही. मला तसं घडवलेलंच नाही. मी ते दोनदा बोललो आणि माझा आवाज अर्धा मैल गेला.

तिथे, अर्ध्या मैलावर, एका अर्धवट इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ज्ञानदा आणि साहिल बसले होते. हे ज्ञानदाने नंतर माझ्या खालच्या ओट्यावर बसून सांगितलं, म्हणून मला कळलं. कात्रण मोठ्यांच्या ग्रुपवर दुपारी आलं. पण रेश्माच्या मुलीने ते आईच्या मोबाइलवर सकाळीच पाहिलं होतं. शाळेत ती ज्ञानदाला म्हणाली, "तुझ्या आईनं आधीचं पोरगं मारलंय. आता साहिलची बारी." ज्ञानदाने शाळा सुटताच भावाचा हात धरला आणि घराच्या उलट्या दिशेला चालू लागली. ती हरवली नव्हती. ती आपल्या आईपासून भावाला वाचवत होती.

दिवसभर तिला वाटत होतं, हे खोटं असेल. संध्याकाळी खाली उतरू, घरी जाऊ. डब्यातली अर्धी पोळी तिने साहिलला दिली होती. तेवढ्यात माझी ही दुसरी सूचना तिथे पोचली. आई कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती आपल्याला शोधत येईल, असं तिला वाटलं. खाली जमिनीत पाण्याची नवी टाकी बांधली होती. तोंड उघडं, आत लाकडी शिडी. ती साहिलला घेऊन आत उतरली. शेवटच्या पायरीवर शिडी सरकली आणि आडवी पडली; ती तिला उचलेना. वर आता फक्त चौकोनी उजेड.

त्या दिवशी मजुरांची सुट्टी होती. पण टाकी भरून ठेवायला पाण्याचा टँकर यायचा होता. साडेपाचला तो आला. चालक वाल्मीकने जाड पाइप टाकीच्या तोंडात सोडला, वॉल्व उघडला आणि केबिनमध्ये जाऊन बसला. मुलं ओरडली. पण चारी बाजूंनी बंद टाकीत कोसळणाऱ्या पाण्याच्या आवाजापुढे त्यांचं ओरडणं त्यांनाच ऐकू येईना.

इकडे समाजमंदिरात गंगूबाई काठी टेकत पुढे आली. सत्तरी ओलांडलेली बाई, नम्रताच्या मागच्या घरात राहायची. दाराआड मुसमुसत बसलेल्या रेश्माच्या मुलीला तिने हाताला धरून आणलं होतं.

"सांग, सकाळच्याला ज्ञानदाला काय बोललीस?"

मुलगी रडत रडत सांगू लागली. रेश्माचा चेहरा उतरला. नम्रता खुर्चीवरून उठली. दिवसभरात पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"म्हणजे ती मला घाबरून लपलीय! मला माईक द्या."

"बाई, बसून घ्या," पोलीस म्हणाला.

"अगं, पोलिसांचं तरी ऐक," भिवाजीने माईक छातीशी धरला. "आता तू काय बोलणार?"

गंगूबाईने त्याच्यासमोर काठी आपटली. "तू बोललास तवा कुणी तुला अडवलं का? लेकरं अंधार पडायच्या आत गावली पायजेत. दे तिला!"

भिवाजीने पोलिसाकडे बघितलं. पोलिसाने घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली. माझी वायर मध्येच सैल होती, म्हणून भिवाजी ती बोटाने दाबून उभा राहिला.

नम्रताचा श्वास माझ्यातून आधी गेला. मग शब्द.

"ज्ञानदा, मी आई बोलतेय. तू शाळेत काय ऐकलंस ते मला आत्ता कळलं. त्यातलं अर्धं खरं हाय. तुझ्याआधी मला एक मुलगा होता. तीन वर्षांचा. शेततळ्यात पडून तो गेला. मी चुलीपाशी होते. माझ्या तेव्हाच्या सासरचेच म्हणाले, हिनं ढकललं. मी चौदा महिने तुरुंगात होते. मग कोर्टानं मला सोडलं, कारण मी काही केलं नव्हतं. ते कुणी छापलं नाही. तुझ्या बाबांना मी लग्नाआधी सांगितलं. तुला सांगायला धीर झाला नाही. ती चूक माझी."

रेश्माने हातातला मोबाइल पदराआड लपवला. नम्रता पुढे बोलू लागली.

"तुला माझी भीती वाटत असंल तर माझ्याकडं येऊ नको. गंगूआजीकडं जा. मी तिथं येणार नाही, शब्द देते. पण साहिलला घेऊन ये."

ती थांबली. मला वाटलं संपलं. पण तिने माईक आणखी घट्ट धरला.

"आणि बाकीच्यांनो, ऐका. त्या दिवशी मी माझं लेकरू गोठ्यात शोधलं, शेजारी शोधलं, रस्त्यावर शोधलं. पाण्यात शेवटी बघितलं. तुम्ही पाण्यात आधी बघा. हौद, टाकी, खड्डा, जे असंल ते वाकून बघा. कुणी पाणी सोडत असंल तर पहिलं बंद करा. हात जोडते."

वाल्मीक केबिनमध्ये बसून मोबाइल बघत होता. शेवटचे शब्द त्याच्या कानावर पडले. त्याने मागे पाइपकडे बघितलं. मग उडी मारून वॉल्व बंद केला आणि टाकीच्या तोंडाशी पालथा पडला.

"कोण हाय का रं आत?"

"आहे," खालून बारीक आवाज आला.

पाणी ज्ञानदाच्या छातीपर्यंत आलं होतं. साहिल तिच्या खांद्यावर बसून तिचे केस घट्ट धरून होता. वाल्मीकने कपड्यांसकट आत उडी घेतली, तरंगणारी शिडी उभी केली आणि दोघांना एकेक करून वर काढलं.

टँकर सतत हॉर्न वाजवत वस्तीत शिरला. त्याच वेळी अभयही पोचला. साहिल उतरला तो सरळ आईच्या कुशीत. ज्ञानदा मात्र खाली उतरून थांबली. दात वाजत होते. तिने आईकडे बघितलं, मग गंगूबाईकडे गेली आणि तिच्या पदराआड उभी राहिली.

नम्रताने शब्द दिला होता. ती जागची हलली नाही. तिने अंगावरची शाल काढली आणि अभयच्या हाती गंगूबाईकडे पाठवली.

दुसऱ्या दिवशी भिवाजीने माझ्यातून तिची माफी मागितली. रेश्मा तिच्या दारात येऊन रडली. पण ते कात्रण तोवर कुठल्या कुठे पोचलं होतं आणि ते परत बोलावता येत नव्हतं. अजूनही दोन घरं आपली मुलं अंगणवाडीत पाठवत नाहीत. नम्रता रोज त्या दोन घरांवरून कामाला जाते.

ज्ञानदा तीन दिवस गंगूबाईकडे राहिली. नम्रता सकाळ-संध्याकाळ डबा आणायची, ओट्यावर ठेवायची आणि मागे फिरायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वळली, तेव्हा मागून आवाज आला.

"आई, त्याचं नाव काय होतं?"

नम्रता ओट्यावर बसली. कितीतरी वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"मनीष," ती म्हणाली.

ज्ञानदा तिच्या शेजारी येऊन बसली. आणखी बरंच विचारत राहिली. तो कसा दिसायचा, काय खायचा, कशाला हसायचा. मग दोघी घरी गेल्या.

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे. माझ्यात जे घालाल तेच बाहेर येतं, आणि तुमच्या हातातल्या मोबाइलचंही तसंच आहे. म्हणून एवढंच मागतो. कुणाबद्दल काही वाईट कानावर आलं, तर पुढे पाठवू नका. त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा आणि त्यालाच विचारा.