भाऊजींचं उदाहरण

...कपाचा कान तुटून जो खरखरीत खुंट उरला होता, त्यावरून तिचा अंगठा फिरत राहिला. ओट्यावर चांगले धड कप होते, तरी तिनं चहा ह्यातच ओतला – मुद्दाम. बाहेरच्या खोलीत धाकटा दीर बसला होता, आल्यापासून पाय जुळवून, पाहुण्यासारखा.

एरवी हा कप दिसला की तो ओरडायचा, "आला माझा वाटा! वहिनी, मृत्युपत्रात हा माझ्याच नावावर करा हं." आणि ती म्हणायची, "करते की. ह्याहून फुटका मिळाला तर तोही तुमचाच."

गेल्या रविवारपर्यंत. त्या दिवशी तिच्या दोन विद्यार्थिनी जेवायला होत्या, दिराची टिंगल रंगात आली होती, आणि तिच्यातली मानववंशशास्त्राची प्राध्यापक जागी झाली... "पाहा, ह्याला थट्टेचं नातं म्हणतात. ज्या नात्यात भांडणाचा धोका असतो, तिथे समाज थट्टेची मोकळीक देतो. राग हसण्यातून निघून जातो." एकीनं विचारलं, "पण मॅडम, हे बाहेरून पाहणाऱ्याचं मत झालं. ह्यांनाच विचारलं तर?" – जुनाच वाद, वर्गात ती तो तासभर रंगवायची, दोन्ही बाजूंनी. इथे मात्र तिनं तो झटकून टाकला, "माणसाला आपल्या वागण्याचं कारण कुठे ठाऊक असतं!" तो समोरच होता, हातात घास धरून. हसला, पण उशिरा. "म्हणजे मी इतकी वर्षं भांडत होतो होय, वहिनी?"

तिनं कप पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. चटका बसला असणार, तरी त्यानं एक घोट घेतला.

"चहा छान झालाय."

छान! तिच्या चहाला त्यानं कधी छान म्हटलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी, सगळे तिच्याशी जपून, हळू आवाजात बोलत असताना, ह्यानंच एक घोट घेऊन विचारलं होतं, "भांडी विसळलेलं पाणी कुणी दिलं मला?" – सगळं घर हसलं, आणि मी... मी त्या क्षणी ह्या घरातली झाले. राग? असेलही थोडा. पण तेवढंच होतं? मी त्याला कधी विचारलं नाही. स्वतःलाही नाही.

एखादा टोमणा मारावा, सगळं पूर्ववत होईल... पण मनात जुळवलेल्या प्रत्येक टोमण्यावर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी डकवलेली होती, संग्रहालयातल्या वस्तूवर असते तशी.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही माझी थट्टा का करायचात?"

तो कपावरून वर पाहू लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला ठाऊक नव्हतं, हा माणूस काय सांगेल – आणि ते ऐकायची तिला भीती वाटत होती, आणि तिनं खुर्ची जवळ ओढली.