डाव्या हाताची ट्यूब

त्या दोघी आल्या की आधी हसणं ऐकू यायचं, मग लिफ्टचं दार. आमच्या विभागात कुणी फारसं हसत नाही. इथे येणारी माणसं खाजवून खाजवून थकलेली असतात. बाह्या मनगटापर्यंत ओढून कोपऱ्यातली खुर्ची शोधतात. ही आजी मात्र दारातूनच सिस्टरला विचारायची, "तळहात खाजला की पैसे येतात म्हणे. मग मी अजून लखपती कशी झाले नाही गं?" आणि तिच्या मागून पिशवी सांभाळत येणारी तिची लेक तिच्यासमोर होत म्हणायची, "झालीस की. मी आहे ना."

मला ते सहन होत नसे.

माझं काम साधं आहे. त्वचेच्या एका जुनाट आजारावर नवीन मलम किती गुण देतं, याचा अभ्यास आमच्याकडे चालू आहे. डॉक्टर मॅडम तपासतात, सिस्टर रक्त घेते आणि उरलेलं सगळं मी करते: फोन करून तारखा देणं, संमतीचे कागद समजावून सांगणं, निळ्या कापडासमोर हातांचे फोटो काढणं, वापरलेल्या ट्यूबा वजन करून परत घेणं. प्रत्येकाला दोन ट्यूबा मिळतात. एकीवर 'डावा हात' असं लिहिलेलं, दुसरीवर 'उजवा हात'. एकीत औषध, दुसरीत नुसता मऊ लेप. कुठल्या हाताला काय मिळतंय हे त्यांनाही माहीत नसतं आणि आम्हालाही. एकाच माणसाचा एक हात दुसऱ्या हाताशी ताडून बघायचा, एवढीच त्यातली युक्ती.

माझ्या आईला हाच आजार होता. ती गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. ती असती तर या अभ्यासाच्या सगळ्या अटींत बसली असती. त्या अटी टाइप करताना माझ्या ते लक्षात आलं होतं.

आईच्या दंडांना, पाठीला मलम लावायचं काम वहिनीचं होतं. मी पुढे झाले की आई पदर ओढून घ्यायची. "तू वाच गं काहीतरी. तुझा आवाज छान आहे." मग मी खुर्चीत बसून कादंबरी वाचायची आणि वहिनी पलंगावर, आईच्या पाठीला लागून बसायची. मधेच दोघी हसायच्या. पुस्तकात त्या जागी हसण्यासारखं काही नसायचं. असल्या कितीतरी कादंबऱ्या मी शेवटपर्यंत वाचून दाखवल्या, पण आईच्या पाठीवर नेमके कुठे कुठे चट्टे होते, हे मला सांगता यायचं नाही. वहिनीला येईल.

तर त्या दिवशी फोटोंची पाळी होती. आजीचा उजवा हात बघण्यासारखा झाला होता. कोपरापासून मनगटापर्यंतचे लाल, खवल्यांचे पट्टे जाऊन तिथे नवी, फिकट कातडी आली होती. डावा हात जसाच्या तसा. बोटं सांध्यांत वाकलेली असल्यामुळे आजीला हात सपाट ठेवता येईना. लेकीने ती एकेक करून सरळ केली, कुणी पाकळ्या सोडवाव्यात तशी.

"झोप कशी आहे?" मी विचारलं.

आजीला कमी ऐकू येतं. लेक तिच्या तोंडासमोर झाली आणि सावकाश म्हणाली, "झोप, आई. झोप विचारतायत."

"झोप? अगं, घोरते मी आता. हिला विचार."

"घोरते कसली, भिंती हलतात," लेक म्हणाली. मग माझ्याकडे वळून आवाज उतरवला. "खरं सांगू का, रात्ररात्र ओरबाडायची हो. चादरीला रक्त लागायचं. आता एक हात तरी गप्प असतो. तेवढ्यावर झोपते ती."

मी ते लिहून घेतलं.

नव्या ट्यूबा दिल्या की एकदा आमच्यासमोर मलम लावून दाखवायचं, असा नियम आहे. पहिल्या दिवशी सिस्टरने आजीच्याच हातून लावून घेतलं होतं. वाकड्या बोटांनी तिने कसंबसं लावलं आणि घरी लेक लावेल असं ठरलं. लेकीकडून लावून घ्यायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. आज मी म्हटलं, "तुम्ही लावता ना? मग तुम्हीच दाखवा."

तिने स्टूल ओढलं आणि आईच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. 'डावा हात' लिहिलेली ट्यूब घेतली, बोटाच्या पेराएवढं मलम काढलं आणि आपल्या डाव्या बाजूचा हात मांडीवर ओढून घेतला. तो आजीचा उजवा हात होता.

मी तिला थांबवलं नाही. दोघींचं चाललं होतं. "दुधवाल्याला काय सांगितलंस?" "सांगितलं, पाणी वेगळं आण, आम्ही घरी मिसळू." आजी खदखदून हसत होती आणि लेकीचा अंगठा तिच्या कातडीवर गोल गोल फिरत होता. डावी ट्यूब उजव्या हाताला, उजवी डाव्या हाताला. दोघींपैकी एकीच्याही मनात शंका नव्हती.

मला आनंद झाला. तो कसला होता, हे कळायला मला मॅडमच्या खोलीपर्यंतचा बोळ पुरला.

"अरे देवा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "रोज न चुकता उलटंच लावलं असेल, तर वाचलो. बाजू बदलून वाचता येईल. पण कधी असं, कधी तसं झालं असेल, तर सगळंच एकमेकांत मिसळलं. मग त्यांना अभ्यासातून काढावं लागेल."

"आणि औषध?"

"काढलं म्हणजे बंद. फोटो बघून मला वाटतं, रोज एकाच पद्धतीने लावलंय. नाहीतर दोन्ही हात थोडे थोडे सुधारले असते. पण माझं वाटणं चालत नाही, त्यांच्या तोंडून यायला हवं. तू विचार. मी विचारलं तर घाबरतील. आणि हे बघ, त्यांच्या तोंडी शब्द घालू नकोस."

तोंडी शब्द घालायची मला गरजच नव्हती. कसं विचारायचं, तेवढं माझ्या हातात होतं. इतकी माणसं समोर बसवल्यावर एक गोष्ट मला कळली होती: कुणालाही 'नक्की?' असं तीनदा विचारलं, की त्याला आपलं नावसुद्धा नक्की वाटत नाही.

मी लेकीला चूक समजावून सांगितली. तिचा चेहरा उतरला. तिने स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून बघितले, मग आईचे.

"बाई गं! म्हणजे इतके दिवस मी..."

"रोज असंच लावलंत?"

"हो. असंच."

"नक्की?"

"हो... म्हणजे, मला तर वाटतं."

"एकदाही मागे बसून, शेजारी बसून लावलं नाही? घाईत? तुम्ही आजारी असाल, दुसऱ्या कुणी लावलं असेल? नीट आठवून सांगा. नक्की?"

माझा आवाज मला ऐकू येत होता. आई ज्याला छान म्हणायची, तोच.

लेकीने ओठ चावला. "आता तुम्ही असं विचारता म्हटल्यावर... काय सांगू? एखाद्या वेळी झालंही असेल. माणूस आहे. शपथेवर कसं सांगू?"

माझं पेन कागदावर टेकलं होतं. 'नक्की आठवत नाही', एवढंच लिहायचं होतं. ते खोटंही ठरलं नसतं. पुढच्या महिन्यात लिफ्टचं दार उघडलं असतं आणि आधी कुणी हसलं नसतं.

आजी इतका वेळ लेकीचं तोंड बघत होती. "काय झालं गं? का रडतेस?"

लेक तिच्याकडे वळली. "कुठे रडतेय? विचारतायत, मी मागे बसून कधी मलम लावलं का."

"मागे?" आजीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खुळी होते. "मागे बसली तर मला ऐकू काय येणार, कप्पाळ? ओठ दिसल्याशिवाय मला एक अक्षर कळत नाही, पोरी. ही समोर बसते, दिवसभराचं सगळं सांगते, तेवढीच आमची बैठक. मलम आपलं निमित्त."

"आणि या आजारी पडल्या तेव्हा?" मी आजीच्या तोंडासमोर होऊन विचारलं.

"तेव्हाही हीच. मास्क लावून आली तर मी हाकलली. म्हटलं, तोंड झाकायचं असेल तर लावूच नकोस."

लेकीला हसू फुटलं, डोळे पुसता पुसताच. "हो हो, खरंच. मग काढला मी तो."

मी आजीची दोन्ही उत्तरं लिहून घेतली. 'मलम लावणारी व्यक्ती नेहमी समोर बसते. रुग्णाला ओठ पाहिल्याशिवाय ऐकू येत नाही. दुसऱ्या कुणी लावलेलं नाही.' खाली सही केली.

मॅडम वाचून "शाबास" म्हणाल्या. मी मान खाली घातली. त्यांनी वरच्या लोकांशी फोनवर बोलून घेतलं. निरोप असा आला की त्यांना काढायचं नाही, पण आता मधेच बाजूही बदलायची नाही. उलटं तर उलटं, अभ्यास संपेपर्यंत तसंच. तसं लेखी आणि तोंडी, दोन्ही सांगायचं. आणि सांगायचं कुणी, तर मी.

मी त्यांच्यापुढे उभी राहिले.

"जसं लावता तसंच लावायचं," मी म्हटलं. "स्टूल समोर घ्यायचं. शेजारी नाही, मागे नाही. दुसऱ्या कुणी लावायचं नाही. आणि मलम जिरेपर्यंत उठायचं नाही."

शेवटचं वाक्य निरोपात नव्हतं.

"हे काय सांगायला हवं?" लेक म्हणाली.

"सांगायला हवं."

"काय म्हणतेय ती?" आजीने विचारलं. लेक तिच्या तोंडासमोर झाली आणि सावकाश सांगू लागली.

मी त्यांच्या जुन्या ट्यूबा उचलून वजनकाट्याकडे गेले. बहुतेकांच्या ट्यूबा अर्ध्या भरलेल्या परत येतात. माणसं कंटाळतात, विसरतात. या दोन्ही शेपटापासून गळ्यापर्यंत वळी करून पिळलेल्या होत्या. काट्यावर त्यांचं असं काही वजनच आलं नाही. मागून हसणं ऐकू येत होतं. मी आकडा लिहिला आणि त्या दोघी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत वळून पाहिलं नाही.